भात सोडला, भाकरी वाढली, साखर तिथंच

मधुमेहाचं निदान झालं की मराठी घरात लगेच काही बदल होतात. चहातली साखर जाते, रात्रीचा भात जातो आणि पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी येते. कुणी साखरेऐवजी गूळ घेऊ लागतो, कुणी सकाळी उपाशीपोटी कारल्याचा रस. तीन महिन्यांनी तपासणी होते. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, जेमतेम हललेली असते आणि डॉक्टर गोळी वाढवतात. रुग्ण कळवळून सांगतो, ‘डॉक्टर, गोडाचा कणही तोंडात घातला नाही.’ तो खरंच बोलत असतो.

याच रुग्णानं पुढं होऊन म्हटलं, की भाकरीही निम्मी करतो, थाळीतली कर्बोदकंच कमी करतो, तर मात्र चहूबाजूंनी विरोध सुरू होतो. हे परदेशी खूळ आहे. किडनी जाईल. चक्कर येऊन पडाल. आपले आजोबा नव्वद वर्षं भाकरीवरच जगले. घरचे, शेजारचे आणि काही वेळा तपासणारे डॉक्टरही हेच बोलतात. या प्रत्येक आक्षेपाला नीट उत्तर द्यायला हवं, कारण त्यांच्यामुळं टाइप २ मधुमेहाच्या लाखो रुग्णांच्या हातून एक भक्कम पुरावा असलेला उपाय निसटतो आहे. यातले काही आक्षेप रास्त आहेत. पण त्यातून सिद्ध होतं ते एवढंच, की हा उपाय देखरेखीखाली करायचा. तो करूच नये, असं त्यातून कुठंही निघत नाही.

आधी थाळी मोजू. दुपारचं अगदी साधं जेवण घ्या : दोन भाकऱ्या, वाटीभर भात, वरण, बटाट्याची भाजी. मध्यम आकाराच्या एका भाकरीला साधारण ६० ग्रॅम पीठ लागतं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे दोन भाकऱ्यांची झाली ८० ग्रॅम. वाटीभर भाताला ५० ग्रॅम तांदूळ धरला, तर त्यातून ३९ ग्रॅम. वरणात ३० ग्रॅम तूरडाळ असेल तर तिची १६-१७ ग्रॅम. बटाट्याची आणखी १५. बेरीज दीडशे ग्रॅमला टेकते, आणि या थाळीत साखरेचा एक दाणाही नाही.

आता रक्ताकडं बघू. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर १०० आली, तर त्याचा अर्थ एक डेसिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. पाच लिटरचा हिशेब केला तर सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरतं पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. जेवणातली दीडशे ग्रॅम कर्बोदकं, त्यातले तंतू वगळता, पचून बहुतांशी ग्लुकोजच होतात आणि पुढच्या काही तासांत याच रक्तातून जातात. निरोगी माणसाचं स्वादुपिंड हा लोंढा सहज पेलतं. टाइप २ मधुमेहात इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, आणि पुढं पुढं इन्सुलिनही पुरेसं तयार होत नाही. ज्याची लोंढा पेलण्याची ताकदच गेली आहे, त्याला आपण सांगतो की चहातला चमचा तेवढा बंद कर. दिवसाला दोन चहांमागं दहा ग्रॅम वाचतात. थाळीतले दीडशे दोन्ही वेळा तसेच राहतात.

घरात ग्लुकोमीटर असेल तर हे कुणालाही तपासता येतं. एक दिवस नेहमीची थाळी घ्यावी, जेवणाआधी एक पट्टी लावावी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसरी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी भात वगळून, एकच भाकरी घेऊन, जोडीला दोन अंडी किंवा मटकीची उसळ, वाटीभर पालेभाजी आणि ताक घ्यावं, आणि पुन्हा दोन पट्ट्या लावाव्यात. गोळ्या दोन्ही दिवशी त्याच; इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारून. या चार आकड्यांमधून रुग्णाला जे कळतं ते छापील आहारतक्त्यातून कधी कळत नाही, कारण तो आकडा त्याच्या स्वतःच्या बोटातून आलेला असतो. आपल्याकडं मात्र रुग्णाला फास्टिंग आणि पीपी (जेवणानंतरची साखर) महिन्यातून एकदा लॅबमध्ये करायला सांगतात, आणि त्या दिवशी नाश्ता काय केला होता हे कागदावर कुठंच नसतं.

ज्वारीचा प्रश्न नाजूक आहे. ती आपल्या मातीतली, कमी पाण्यावर येणारी, सोलापूर-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची. तिच्यात तंतू तांदळापेक्षा कितीतरी जास्त असतात, लोह आणि मॅग्नेशियमही असतं. तिच्याबद्दल वाईट बोलणं कुणालाच आवडत नाही. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, ‘श्री अन्न’ असं नावही मिळालं आणि बघता बघता ज्वारी-बाजरी-नाचणी ही मधुमेहाची औषधं म्हणून विकली जाऊ लागली. गफलत इथं झाली. धान्य म्हणून ज्वारी पांढऱ्या तांदळापेक्षा चांगली असेल. म्हणून तिच्या तीन भाकऱ्या मधुमेह्याला निर्धोक होत नाहीत.

यावर आपल्याच देशातला मोठा पुरावा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि चेन्नईची मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांनी मिळून देशभर केलेलं इंडियाब सर्वेक्षण २०२३ साली पूर्णपणे प्रसिद्ध झालं. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर, हे आकडे तिथले. राज्यांत सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. याच सर्वेक्षणातल्या आहाराच्या माहितीवर आधारलेला अभ्यास सप्टेंबर २०२५मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. भारतीय माणूस आपली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतो, असं त्यात दिसलं. पांढऱ्या तांदळासारख्या धान्याच्या जागी अख्ख्या गव्हाचं किंवा भरडधान्याचं दळलेलं पीठ घेतलं, तरी टाइप २ मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. एकूण ऊर्जेपैकी फक्त पाच टक्के ऊर्जा कर्बोदकांऐवजी डाळी-कडधान्यं किंवा दूधदुभत्याच्या प्रथिनांतून घेतली, तर मात्र धोका कमी दिसला. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यातून कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध होत नाही. तरी घरोघरी चाललेल्या ‘भाताऐवजी भाकरी’ या सल्ल्याला त्यात आधार सापडत नाही, हे मान्य करायला हवं. चक्कीवर बारीक दळलेल्या पिठातलं स्टार्च पोटात भराभर सुटतं, मग ते कुठल्याही धान्याचं असो.

गुळाबद्दल फार लिहायची गरज नाही. १०० ग्रॅम गुळात ८० ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात आणि ती जवळपास सगळी साखरच. मधाचंही तेच. उपासाचा साबुदाणा तर दोघांच्याही पुढं : १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदकं, प्रथिनं नावालाही नाहीत, आणि जोडीला बटाटा. एकादशीला मधुमेह्याचं पोट हलकं राहतं, असं समजणाऱ्यांनी त्या दिवशी खिचडीनंतर दोन तासांनी एक पट्टी जरूर लावावी.

आजोबांच्या भाकरीचा मुद्दा मनाला पटकन पटतो, म्हणून तो जास्त काळजीपूर्वक तपासायला हवा. नांगरामागं, मोटेवर, गिरणीत उभ्यानं दिवस काढणाऱ्या माणसाच्या स्नायूंना ते ग्लुकोज लागायचं आणि ते लगेच खर्च व्हायचं. दहा तास खुर्चीत बसणाऱ्या नातवाचे स्नायू ते मागतच नाहीत. शिवाय आपल्या शरीराची ठेवणच वेगळी आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवून दिलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे कागदावर दोघंही सारखेच सडपातळ. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांमध्ये १९९३पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात तर जन्मतःच कमी वजनाच्या बाळांमध्येही ही लपलेली चरबी आढळली. आईच्या पोटापासून स्नायू कमी आणि चरबी जास्त घेऊन आलेल्या समाजाला, ‘तुम्ही बारीक आहात, खा भाकरी’ हा सल्ला लागू पडत नाही. ग्लुकोज साठवायची मुख्य जागा म्हणजे स्नायू, आणि आपल्याकडं तीच तोकडी आहे.

आता खुळाचा आरोप. कर्बोदकं कमी करून मधुमेहावर इलाज करणं कुठल्या जिम-ट्रेनरनं काल-परवा शोधलेलं नाही. १८७०-७१मध्ये प्रशियाच्या सैन्यानं पॅरिसला वेढा घातला आणि शहरात अन्नाची टंचाई झाली, तेव्हा आपल्या रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी होते आहे, हे आपोलिनेर बुशार्दा या फ्रेंच डॉक्टरांच्या लक्षात आलं. पाव आणि पिष्टमय पदार्थ तोडण्याचा त्यांचा सल्ला पुढं पन्नास वर्षं मधुमेहाच्या उपचाराचा गाभा होता. जानेवारी १९२२मध्ये टोरांटोला एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं गेलं आणि हे चित्र पालटलं. इन्सुलिननं टाइप १च्या मुलांना मृत्यूच्या दारातून परत आणलं, यात वादच नाही. पण त्यानंतर हळूहळू असा समज रुजला, की इन्सुलिन आणि गोळ्या आहेत, आता हवं ते खा आणि त्या मापानं औषध वाढवा. टाइप २च्या रुग्णालाही तोच नियम लागला.

या समजाला पहिला धक्का एका रुग्णानं दिला. रिचर्ड बर्नस्टाइन हे अमेरिकेतले इंजिनिअर. वयाच्या बाराव्या वर्षी त्यांना टाइप १ मधुमेह झाला आणि चाळिशीच्या आतच शरीरावर गुंतागुंतीच्या खुणा दिसू लागल्या. १९६९च्या सुमारास रुग्णालयांसाठी रक्तातली साखर मोजणारं एक यंत्र बाजारात आलं. ते डॉक्टरांनाच विकलं जायचं, म्हणून बर्नस्टाइन यांनी डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावानं ते मिळवलं आणि दिवसातून अनेकदा आपली साखर मोजायला सुरुवात केली. कुठल्या जेवणानं आकडा किती चढतो, किती इन्सुलिननं किती उतरतो, हे त्यांनी लिहून ठेवलं, जेवणातली कर्बोदकं फार कमी केली आणि साखर जवळजवळ निरोगी माणसासारखी ठेवून दाखवली. वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांचं लिखाण परत पाठवलं, कारण ते डॉक्टर नव्हते. म्हणून पंचेचाळिशीच्या सुमारास ते वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले, डॉक्टर झाले आणि २०२५मध्ये वयाच्या नव्वदीत वारले. एका माणसाच्या अनुभवाला शास्त्र म्हणता येत नाही, हे खरं. पण घरी बोटातून थेंब काढून साखर तपासण्याची जी पद्धत आज प्रत्येक डॉक्टर रुग्णाला शिकवतो, ती पहिल्यांदा वापरणाऱ्यांत हा माणूस होता, आणि तिच्या आधारानं त्यानं पहिला निष्कर्ष जेवणातल्या कर्बोदकांबद्दल काढला.

त्यानंतर शास्त्रानंही काम केलं आहे. २००४ साली अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये मेरी गॅनन आणि फ्रँक नटल यांनी टाइप २च्या आठ पुरुषांना पाच आठवडे असं जेवण दिलं, की त्यात फक्त २० टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येईल आणि वजनही घटणार नाही. दिवसभराची सरासरी साखर १९८वरून १२६वर आली. अभ्यास लहान होता, पण वजन न घटताही साखर उतरते हे त्यानं दाखवलं. २०१९मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं आहाराबद्दलच्या आपल्या सहमती-अहवालात स्पष्ट लिहिलं, की रक्तातली साखर सुधारण्यासाठी एकूण कर्बोदकं कमी करण्याला सर्वाधिक पुरावा आहे. ही संघटना वर्षानुवर्षं उलट बाजूला झुकलेली होती, हे लक्षात घेतलं म्हणजे या वाक्याचं वजन कळतं. २०२१मध्ये ‘बीएमजे’नं २३ चाचण्यांचा एकत्र आढावा छापला. सहा महिन्यांनी एचबीएवनसी ६.५च्या खाली आलेल्यांचं प्रमाण कमी कर्बोदकांच्या गटात ५७ टक्के, इतर आहारांच्या गटात ३१ टक्के.

मेंदूला ग्लुकोज लागतं, हा आक्षेप अर्धा खरा आहे. ग्लुकोज लागतं; ते ताटातूनच यावं लागतं असं नाही. यकृत ते प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून रात्रंदिवस बनवत असतं. मधुमेह्याची सकाळची उपाशीपोटीची साखर चढते ती याच यकृतानं गरजेपेक्षा जास्त ग्लुकोज सोडल्यामुळं. औषधाचं माप जास्त झालं नसेल, तर त्याच्या अंगात ग्लुकोजचा दुष्काळ नसतो.

हृदय आणि किडनीचे आक्षेप गंभीर आहेत. ‘बीएमजे’च्या त्याच आढाव्यात बारा महिन्यांनी एलडीएल कोलेस्टेरॉल काहीसं वाढल्याचं दिसलं. २०१८मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेल्या, चार लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर आधारलेल्या विश्लेषणात ४० टक्क्यांहून कमी आणि ७० टक्क्यांहून जास्त कर्बोदकं खाणारे, दोघांच्याही मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. विरोधक पहिला अर्धा भाग आवर्जून सांगतात. दुसरा अर्धा सांगत नाहीत, आणि तो आपल्या घरांना जास्त लागू आहे, कारण भरपूर भात-भाकरीवर जगणारी असंख्य मराठी कुटुंबं त्या सत्तरीच्या जवळ उभी आहेत. त्याच अभ्यासातली तिसरी गोष्ट तर फारच मोलाची : कर्बोदकांची जागा मटणासारख्या प्राणिज प्रथिनं-चरबीनं घेतली तर मृत्यूचं प्रमाण वाढलं, दाण्यांसारख्या वनस्पतीजन्य प्रथिनं-चरबीनं घेतली तर ते घटलं. म्हणजे कर्बोदकं कमी करणं आणि रोज लोणी-मटण खाणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शेंगदाणे, तीळ, कारळाची चटणी, मोड आलेली मटकी, अंडं, बांगडा, तारली, दही हे कमी कर्बोदकांचं मराठी जेवण आहे, आणि ते कुठल्याही कोकणी किंवा देशावरच्या स्वयंपाकघरात आजही होतं. लागते फक्त त्यांची वाटी मोठी आणि भाकरीची टोपली लहान.

किडनीचंही तसंच. ज्याची किडनी आधीच बिघडली आहे त्यानं प्रथिनं वाढवू नयेत, हे बरोबर आहे, आणि म्हणून क्रिएटिनिन व लघवीतलं अल्ब्युमिन तपासल्याशिवाय आहार बदलू नये. पण ज्याची किडनी ठीक आहे आणि जो ऊर्जेच्या जेमतेम दहा टक्के प्रथिनं खातो, त्याला प्रथिनांचा धाक घालणं म्हणजे उपाशी माणसाला अतिखाण्याचे तोटे समजावणं होय. इंडियाब गटानंच २०२२मध्ये ‘डायबेटिस केअर’मध्ये १८ हजारांवर भारतीयांच्या माहितीवरून मधुमेह परतवण्यासाठी सुचवलेलं प्रमाण असं आहे : कर्बोदकं ४९ ते ५४ टक्के, प्रथिनं १९ ते २० टक्के. या आकड्यांवर बोट ठेवून काही जण म्हणतात, पन्नास टक्क्यांच्या खाली जायची गरजच काय? याचं उत्तर असं, की हे गणित भारतीय लोक प्रत्यक्षात जे खातात त्यावरून मांडलं आहे, आणि तीस टक्के कर्बोदकं खाणारे लोक आपल्याकडं फारसे नाहीतच. जे कुणी खातच नाही, त्याचा परिणाम अशा गणितात नीट दिसणार नाही. आणि त्यांचं प्रमाण जरी जसंच्या तसं पाळलं, तरी घराघरांतल्या थाळीतल्या भाकरी-भाताला कात्री लागते. निदान एवढ्याला तरी विरोध कशासाठी?

मग येतो व्यवहाराचा आक्षेप : हे कुणाला जन्मभर जमत नाही. यात तथ्य आहे, आणि ते लपवणारे लो-कार्बचं नुकसान करतात. सहा महिन्यांचा फायदा बारा महिन्यांनी बराच ओसरतो, हेही ‘बीएमजे’च्या आढाव्यातच आहे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत रॉय टेलर आणि माइक लीन यांनी रुग्णांना काही महिने रोज साडेआठशेच्या आसपास कॅलरींवर ठेवलं. तो आहार लो-कार्ब नव्हता, कमी कॅलरींचा होता. एका वर्षानं ४६ टक्के लोक औषधाविना मधुमेहमुक्तीच्या कसोटीला उतरले, दुसऱ्या वर्षी ३६ टक्के, आणि पुढं वजन परत चढलं तसा आकडा घसरत गेला. उपाय सोडला की आजार परततो, हे यातून दिसतं. मेटफॉर्मिन घेणं थांबवलं तरी साखर वाढतेच, म्हणून मेटफॉर्मिन निरुपयोगी आहे असं कुणी म्हणत नाही.

ज्याला सगळं एकदम जमत नाही त्यानं क्रम बदलून सुरुवात करावी. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमधल्या अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये अकरा रुग्णांना तेच जेवण दोन प्रकारे दिलं. भाजी आणि प्रथिनं आधी, पाव शेवटी, असं खाल्ल्यावर तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्के कमी भरली. अकरा हा आकडा लहान आहे, पण करून बघायला पैसा लागत नाही : आधी कोशिंबीर आणि उसळ संपवायची, मग भाकरीला हात लावायचा. दोन वेळा जेवावं की दर दोन तासांनी खावं, यावर महाराष्ट्रानं काही वर्षांपूर्वी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या पद्धतीच्या निमित्तानं भरपूर वाद घातला. तो घड्याळावरच अडकला. ताटात काय आणि किती, हा प्रश्न मागं पडला.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांना उत्तर देणं तितकंच गरजेचं आहे. ‘आमचा डाएट सुरू करा आणि आठ दिवसांत गोळ्या फेकून द्या’ असं सांगणारे शिबिरवाले आणि व्हिडिओवाले थेट जिवाशी खेळतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, ताटात भाकरी असो वा नसो. कर्बोदकं अचानक निम्मी केली आणि ही गोळी किंवा टोचायचं इन्सुलिन पूर्वीच्याच मापानं चालू राहिलं, तर साखर ७०च्या खाली जाते : घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ. सत्तरीतल्या माणसाला हे रात्री दोन वाजता झालं आणि तो न्हाणीघरात पडला, तर खुबा मोडतो.

त्याहून छुपा धोका डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, हृदयाला आणि किडनीला उपयोगी पडतात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२०मध्ये संपलं, ती स्वस्त झाली आणि आज असंख्य चिठ्ठ्यांवर असते. या गोळ्या चालू असताना कर्बोदकं फार कमी केली किंवा कडक उपास धरला, तर रक्तात कीटोन साचून ते आम्लधर्मी होऊ शकतं. फसवणूक अशी, की ग्लुकोमीटर त्या वेळी १५०-२०० दाखवतो, म्हणून घरच्यांना आणि कधी कधी कॅज्युअल्टीतल्या नवख्या डॉक्टरांनाही संशय येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं ही लक्षणं पित्ताची समजून अर्धा दिवस वाया जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५मध्येच याचा इशारा दिला होता. रक्तदाबाच्या गोळ्यांचं मापसुद्धा कमी करावं लागू शकतं, कारण सुरुवातीच्या दिवसांत शरीरातलं पाणी आणि मीठ भराभर जातं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं, किडनीचे रुग्ण यांना हा आहार सुचवू नये, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. टाइप १च्या रुग्णानं तर इन्सुलिनचं माप समजून घेतल्याशिवाय यात पडूच नये. म्हणून क्रम असा हवा : आधी डॉक्टरांकडं गोळ्यांची चिठ्ठी घेऊन जायचं, आहारात काय बदलणार ते सांगायचं, कोणती गोळी पहिल्या दिवसापासून कमी करायची ते लिहून घ्यायचं, आणि मग भाकरी कमी करायची. ‘असलं काही करू नका’ एवढं बोलून डॉक्टरांनी विषय संपवला, तर रुग्ण त्यांना न सांगता तेच करतो. धोका वाढतो तो इथं.

सगळ्यात खरा आक्षेप गरिबीचा आहे. भाकरी-चटणीवर पोट भरणाऱ्याला अंडी, पनीर, मासे सांगणं क्रूर वाटतं. अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३पासून फुकट. म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम तांदूळ-गहू, त्यातून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. भुकेविरुद्ध ही मोठी कमाई आहे, तिला कुणी हात लावू नये. पण त्याच दुकानात नियमित डाळ मिळत नाही. २०२२च्या दिवाळीत शंभर रुपयांत दिलेल्या ‘आनंदाच्या शिध्या’त चार जिन्नस होते : रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. चारांपैकी प्रथिनांचा एकच. शाळेतल्या मुलांना आठवड्याला एक अंडं द्यायचं सरकारनं २०२३च्या अखेरीस ठरवलं आणि जानेवारी २०२५मध्ये त्याचा वेगळा निधी काढून घेतला. २०२४च्या राष्ट्रीय आहार-मार्गदर्शनात मात्र तृणधान्यांतून ४५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा घेऊ नये, असं लिहिलेलं आहे. एका खात्याचं पुस्तक एक सांगतं, दुसऱ्या खात्याचं दुकान दुसरंच देतं.

तेव्हा हा आक्षेप आहाराविरुद्ध नाही, दुकानाविरुद्ध आहे. लातूर हा सोयाबीनचा जिल्हा आहे. सोयाबीनच्या शंभर ग्रॅम दाण्यात ३५ ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात, तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीतून केलेल्या वड्यांमध्ये पन्नासच्या आसपास. ती पेंड मोठ्या प्रमाणावर कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्याला किंवा परदेशी जाते, आणि ती पिकवणाऱ्या घरातला मधुमेही ज्वारीच्या तीन भाकऱ्यांवर ग्लिमेपिराइड घेत बसतो. रेशनवर माणशी महिना एक किलो डाळ आणि अर्धा किलो सोयावडी द्यायला सुरुवात केली, तर एका माणसाच्या जेवणात रोज पंधरा ग्रॅम प्रथिनांची भर पडेल. तोपर्यंत शेंगदाणे, मटकी, हुलगे, ताक आणि किनारपट्टीवर सुकट-जवळा हे परवडणारे जिन्नस आहेत, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या आहारतक्त्यात ‘गोड टाळा’ या ओळीखाली त्यांची नावं, भाकरीचं माप आणि गोळ्या कमी करण्यासाठी कुणाला भेटायचं ते छापायला सरकारला एका परिपत्रकापलीकडं काहीही लागत नाही.